पुस्तकांचं पुरुमेंत

२ जून २०२४, रविवार

पावसाच्या तोंडावर दरवर्षी होतं तेच. सोलं बरणीत, सुकी मिरची डब्यात, फणसाच्या बिया मातीत लोळवून पोत्यात, सुकी सुंगटं हवाबंद. मांय, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या आणि मी पाळत होते. स्वयंपाकघरातलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आटोपलं तेव्हा अकरा वाजले होते. मग वाळवी बघायची म्हणून पुस्तकांचं कपाट उपसलं.

त्रेसष्ट पुस्तकं निघाली. त्यांतली एकोणीस मी वाचलीत, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत. बाकीची लग्नात आलेली, हळदीकुंकवाच्या वाणात आलेली, पुस्तक प्रदर्शनात स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली. सार्थ ज्ञानेश्वरीच्या आत सासऱ्यांच्या हातची किराणा मालाची यादी सापडली. तीही अर्धवट.

आणि मी जिथे तिथे छंद म्हणून 'वाचन' लिहिते.

म्हणून ठरवलं. ह्या मिरगापासून पुढच्या मिरगापर्यंत बारा पुस्तकं, सगळी अभिजात. अभिजात कशाला म्हणायचं यावर नवऱ्याशी वाद झाला. शेवटी माझी व्याख्या मंजूर झाली: छापून पन्नास वर्षं उलटली आणि अजून कोणीतरी पदरचा काही फायदा नसताना 'वाच' म्हणून सांगतं, ते. ऑफिसातल्या जुन्या लेजरची कोरी पानं आहेत, त्यांवर ही नोंद ठेवणार. रकाने चार: तारीख, पुस्तक, पानं, शेरा.

७ जून, शुक्रवार

मिरग. फोंड्यात सकाळपासून ढग, दुपारी चार थेंब. ज्ञानेश्वरी उघडली.

हिशेब सोपा आहे. ओव्या सुमारे नऊ हजार, दिवस ३६५, म्हणजे रोज पंचवीस. पंचवीस ओव्या म्हणजे काहीच नाही, भात शिजेपर्यंत होतील असं वाटलं. भात शिजला, ओव्या सात झाल्या. वर मूळ, खाली अर्थ, आणि डोळा सरळ अर्थावर जातो. मूळ ओवी वाचायचीच राहते. सिनेमा सोडून खालची अक्षरं वाचावीत तसं.

१९ जून, बुधवार

रोज दोन तास बसमध्ये जातात, एक जाताना, एक येताना. तेच वापरायचं असा बेत होता. पण सार्थ ज्ञानेश्वरी घेऊन कदंबाच्या बसमध्ये उभं राहून बघा. फर्मागुडीच्या उतारावर ती माझ्या हातून सुटली आणि पुढच्या माणसाच्या जेवणाच्या पिशवीवर पडली. त्याने उचलून आधी कपाळाला लावली, मग मला दिली. मीच ओशाळले.

तेव्हा दोन भाग केले: घरचं पुस्तक आणि बसचं पुस्तक. बससाठी विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ सालचं, अंगाने बारीक. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा. बोटीवरची माणसं बंदरं मोजतात, मी म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी. चार दिवसांत संपलं. ऑफिसात दिवसभर बिलं तपासली पण डोकं बोटीवरच होतं. एवढं लहान पुस्तक एवढे दिवस कपाटात का ठेवलं होतं, देव जाणे.

३० जून, रविवार

महिनाअखेरचा ताळेबंद. 'रणांगण' पूर्ण. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय, ओव्या २७५, पूर्ण. पंचवीसच्या दराने सहाशे व्हायला हव्या होत्या.

खरा शेरा मात्र वेगळाच लिहायला हवा. पहिल्या अध्यायात काय आहे ते मी सांगू शकते, कारण अर्जुनाने धनुष्य खाली ठेवलं हे मला आधीपासूनच माहीत होतं. ज्ञानेश्वरांनी ते कसं सांगितलं हे विचाराल तर एकही ओवी तोंडात येत नाही. रकान्यात मात्र २७५ लिहिलेत. नोकरीत असली नोंद केली असती तर ऑडिटवाल्यांनी धरलं असतं.

१२ जुलै, शुक्रवार

ऑफिस सुटल्यावर पाटोला मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. कदंबा स्टँडच्या इतक्या जवळ, आणि कितीतरी वर्षं मी ते बसच्या खिडकीतूनच बघत आले. १८३२ साली पोर्तुगिजांनी सुरू केलेलं हे ग्रंथालय. आज नाव आहे कृष्णदास शामाचं, ज्याने केळशीला बसून १५२६ साली भागवताच्या दशम स्कंधावरून मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं. त्याचे हस्तलेख सापडले ते पार पोर्तुगालमध्ये, ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात, रोमन लिपीत उतरवलेले. इथे पोथ्या जाळल्या गेल्या आणि भाषा शिकणाऱ्या पाद्र्यांनी नकलून घेतलेलं तेवढं तिकडे उरलं.

मी मागितलं फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण'. शाळेत 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' पाठ केलं होतं, त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. टेबलावर बसून तासभर चाळलं. स्टीफन्स इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आला, बहुतेक आयुष्य साष्टीत काढलं. पुराण छापलं १६१६ मध्ये राशोलला. ते लिहायचं कारण त्यानेच आत सांगून ठेवलंय, आणि मला ते फार आवडलं. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक त्याला विचारतात की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरं काही तरी द्या की. माणसांना धर्म बदलूनही संध्याकाळी पुराण हवंच होतं. मग ह्या इंग्रजाने ओव्या रचल्या, जवळजवळ अकरा हजार. माझ्या रोज पंचवीसच्या दराने सव्वा वर्षाचं काम.

परतताना जुने गोवें लागलं. सेंट पॉल कॉलेजची एकटी उभी कमान रोज बघते. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये त्या कॉलेजात आला हेही शाळेत घोकलं होतं, पण बसमधून कमान दिसली की मला आठवतं ते एवढंच, की आता बसायला जागा मिळेल.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

ही नोंद लांबणार आहे.

संध्याकाळी सहाला वीज गेली. मांयची पंढरपूरची बातमी हुकली. त्यांना मोतीबिंदू, उजवा डोळा झालाय, डावा व्हायचाय, त्यामुळे टीव्ही म्हणजे त्यांच्यासाठी रेडिओच. तोही बंद झाला. थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "टीव्ही ना जाल्यार तुजें तें पुस्तक तरी वाच गो. व्हडल्यान वाच."

मी दुसऱ्या अध्यायात रुतून बसले होते. मांय म्हणाल्या, एकादशी आहे, बारावा वाच. त्यांच्या माहेरी बारावा वाचायचे. मला ही फसवणूक वाटली, मधले नऊ अध्याय गाळायचे म्हणजे काय! पण समई लावली आणि बारावा काढला. अर्थ वाचायला उजेड पुरेना, टाइप बारीक. मोठ्या टाइपातली मूळ ओवी तेवढी दिसत होती. म्हणून तीच वाचली.

'जय जय वो शुद्धें, उदारें प्रसिद्धें, अनवरत आनंदें, वर्षतिये.'

मांयनी थांबवलं. "कोणाक आपयता गो तो? बायलेक?"

मी टॉर्च लावून खाली बघितलं. खरंच. गुरूच्या कृपादृष्टीला हाक मारलीय, ती स्त्रीलिंगी, म्हणून 'वो'. आम्ही 'गो' म्हणतो तसं. एका 'वो'वरून मांयनी ओळखलं, आणि मी आजवर असल्या दोनशे पंचाहत्तर ओव्या नुसत्या ओलांडून गेले होते. 'वर्षतिये'ला काही समजवावं लागलं नाही. बाहेर कौलांवर तेच चाललं होतं.

पुढे भक्ताची लक्षणं येतात. गाईची तहान भागवावी आणि वाघाला मात्र विष होऊन मारावं, असं पाणी करत नाही. 'तोय जैसें.' मी 'तोय' म्हटलं आणि मांयना हसू आवरेना. आमच्याकडे तोय म्हणजे भातावरची पातळ डाळ. "ज्ञानेश्वरांगेर लेगीत तोय?" मी म्हटलं, अहो, तोय म्हणजे पाणी. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, मग आमचीही तेच ना, डाळीचं पाणी. चाळीस वर्षं रोज रांधलेल्या पदार्थाचं नाव त्यांनी स्वतःच सोडवलं.

आणि मग दिवा. घरच्यांना उजेड द्यावा आणि परक्यांना अंधार, असं दिवा करत नाही. मूळ शब्द 'उजियेडु'. खाली अर्थात 'प्रकाश' दिलाय. मांय म्हणाल्या, उजवाड. आम्ही दोघी ज्या समईपुढे बसलो होतो तिच्या उजेडाला आमच्या घरात उजवाडच म्हणतात. बोलायचं कोंकणीतून, लिहायचं-वाचायचं मराठीतून, असं आमचं अर्ध्या फोंड्यासारखंच घर. शाळेत घरची बोली दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची सवय लागली होती. सातशे वर्षांपूर्वीची मराठी वाचायला नेमकी तीच उपयोगी पडेल हे कोणत्याही मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

वीज साडेआठला आली. मांय म्हणाल्या, दिवे असू देत, टीव्ही लावू नकोस. एवढं मोठ्याने वाचायची सवय नाही, घसा बसला.

पानं: मोजली नाहीत.

२९ जुलै, सोमवार

बारावा संपला. ओव्या २४७, रात्री तेरा. म्हणजे रोज एकोणीस. वेग पहिल्याहून वाढला, कारण आता चुकवता येत नाही. आठला मांय खुर्ची सरकवून तयार.

मुलाचं म्हणणं, ह्याला ऑडिओबुक म्हणतात आणि ते फोनवर मिळतं. नवऱ्याचं म्हणणं, मोठ्याने वाचलेलं मांयच्या खात्यात जाईल की माझ्या? लेजरमध्ये पाचवा रकाना आखला: 'कोणी ऐकलं'. त्यात मांय. एकदा शेजारीण, ती साखर मागायला आली होती आणि वीस ओव्या बसली.

६ ऑगस्ट, मंगळवार

काल श्रावण लागला, तोही सोमवारी, आणि यंदा सोमवार पाच. मांयनी परस्पर जाहीर करून टाकलं की सोमवारी आमच्याकडे 'शिवलीलामृत' आहे. ते माझ्या बारांच्या यादीत नव्हतं. पोथी म्हणजे देवघरातली गोष्ट, साहित्य म्हणून ती कोण वाचतो, असं मी मनात धरून बसले होते. लाल फडक्यातली सासऱ्यांची पोथी काढली, कडा करपल्यासारख्या झालेल्या, पानांना कापराचा वास.

श्रीधरस्वामींनी ती १७१८ मध्ये पुरी केली. माझी पन्नास वर्षांची अट सहा वेळा पार होते. चौदा अध्याय, पाच सोमवार. काल सात बायका आल्या, पहिले तीन झाले. श्रीधर ज्ञानेश्वरांसारखा थांबवत नाही, पळवतो. कथेत कथा, राजा, शाप, उःशाप, आणि कोणाला कंटाळा येण्याआधी अध्याय संपलेला. कुठे श्वास घ्यायचा हे त्याने आधीच ठरवून ठेवलंय. वाचणाऱ्याची इतकी सोय बघणारा लेखक मी आजवर पाहिला नव्हता. यादीत घातलं.

८ सप्टेंबर, रविवार

काल चवथ. माटोळी, घुमट, पाहुणे. नेवऱ्या दोनशे. वाचन शून्य.

('शिवलीलामृत' २ तारखेला संपलं, ते लिहायचं राहिलं होतं.)

२२ सप्टेंबर, रविवार

बसमध्ये लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चालू आहेत. १९३४ ते ३६ मध्ये आलेली. गेल्या आठवड्यात दोनदा मी एकटीच हसले आणि शेजारचा माणूस सरकून बसला. वडिलांचं सोवळ्याचं वेड, त्या वेडापायी घरच्यांचे झालेले हाल, आणि हे सगळं सांगताना बाईंच्या स्वरात तक्रार नावाला नाही. नवरा न सांगता ख्रिस्ती होतो, संसार मोडतो, पाच वर्षांनी त्याही त्याच वाटेने जातात. दुसरा कोणी असता तर छाती पिटली असती. ह्या बाईंना शिक्षण असं नव्हतंच, त्या बोलतात तसंच लिहितात, आणि माझा आता असा समज झालाय की म्हणूनच ते टिकलं. मांयना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, ही आमच्या वाड्यावरची वाटते.

ह्या पुस्तकानेच एक ओळख वाढवली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण जुने गोवेंला बस पकडते. तिने मुखपृष्ठ बघून विचारलं, ख्रिस्ती बाईचं मराठी पुस्तक? मी सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "मागीर कितें जालें?" बाणस्तारीची बस रोज कुठे पोचली ते जसं विचारते, त्याच सुरात. तेव्हापासून रोज पणजीपर्यंत मी तिला आदल्या दिवसाचा भाग सांगते.

बरोबरीने हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' घेतली होती, ती दोनदा टाकली. यमूचं दुःख खरं आहे, पण एका बैठकीत पन्नास पानं सोसत नाहीत. मग लक्षात आलं की ती 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली होती. वाचक आठ दिवस थांबायचे. आता मीही रविवारी एक भाग वाचते, पुढच्या रविवारपर्यंत पुस्तक बंद. चांगली चाललीय. ह्या दराने किती महिने लागतील ते मोजलेलं नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल केंद्राच्या मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. बंगाली, आसामी, पाली, प्राकृतसुद्धा. सकाळपासून फोनवर अभिनंदनाचे फुलं-तोरणं लावलेले संदेश, काही तर ज्यांनी आयुष्यात दोन ओळी मराठीत लिहिल्या नाहीत त्यांचे. एका संदेशात ज्ञानेश्वरांची म्हणून दिलेली ओवी तुकारामांची निघाली, तीही अभंग. मी दुरुस्त करून पाठवलं. उत्तर आलं, हात जोडलेले.

गोव्यात ह्या बातमीवर सगळे सारखेच खूश होतील असं नाही, इथे कोंकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्याच्या जखमा दोन्ही बाजूंना अजून ओल्या आहेत. ऑफिसात मी विषय काढला नाही. मांयना सांगितलं. घटाला माळ घालता घालता म्हणाल्या, "बरें जालें. आज तेरावो सुरू करूंया?"

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत गंमत झाली. 'क्रिस्तपुराणा'ची १९०७ ची मंगळूरची आवृत्ती, जोसेफ साल्ढाणांनी काढलेली, रोमन लिपीतच आहे. तिची काही पानं मी छापून आणली होती. मला ती अक्षरं वाचवत नाहीत. इंग्रजीसारखी दिसतात आणि इंग्रजी नसतात. मैत्रिणीने माझ्या हातून कागद ओढून घेतला आणि धडाधड वाचायला लागली. तिची कोंकणी रोमीतली, लहानपणापासून प्रार्थना आणि तियात्राची पुस्तकं त्याच अक्षरांत. 'एक्स' दिसला की ती 'श' म्हणते, विचार करावा लागत नाही.

पण अर्थ तिला निम्माच लागत होता. तो मला लागत होता, कारण गेले तीन महिने मी रात्री आठला असलंच ऐकतेय, माझ्याच तोंडून. ती वाचायची, मी सांगायची. 'पुस्पांमाजि पुस्प मोगरी' आलं तेव्हा सांगावं लागलं नाही. 'परिमळांमाजि कस्तुरी' म्हणून ती थांबली. "परमळ, न्ही?" परमळच.

डबा तसाच राहिला. साहेब दोनदा येऊन गेले. ते पुस्तक छापलं गेलं तेव्हा सगळे असेच वाचत असतील का, एकाला अक्षर येतं, दुसऱ्याला अर्थ, आणि बाकीचे गोल करून बसलेले? ह्याला पुरावा नाही, शेऱ्यात लिहून ठेवते एवढंच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

२१ तारखेपासून जुने गोवेंला संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन सुरू झालंय, दहा वर्षांनी येणारं. रस्ता माणसांनी आणि गाड्यांनी भरलेला, बस वीस-वीस मिनिटं जागची हलत नाही. सगळे वैतागतात. मला रोज दहा पानं जास्त मिळतात.

ताळेबंद: पूर्ण तीन. 'रणांगण', 'शिवलीलामृत', 'स्मृतिचित्रे'. यमू सातव्या रविवारवर. ज्ञानेश्वरीचे अध्याय एक आणि बारा, तेरावा चालू. दुसरा अजून तिथेच, सासऱ्यांच्या किराणा यादीची खूण घालून. मिरगापर्यंत बारा होणार नाहीत. पानांचा रकाना सप्टेंबरपासून कोराच आहे, पाचवा मात्र समासाबाहेर गेलाय. मांयचा डावा डोळा परवा झाला. डॉक्टरांनी पट्टी काढल्यावर सांगितलं की महिन्याभराने वाचायलाही हरकत नाही. मांय त्यांना म्हणाल्या, वाचायला सून आहे.

मैत्रिणीची आई राय गावी असते, राशोलच्या सेमिनरीपासून जवळच. तिला कळलंय की ऑफिसात कोणीतरी 'पुराण' वाचतं, आणि तिने बोलावणं धाडलंय. ह्या रविवारी मडगावची साडेनऊची बस. मांय येते म्हणतात, काळा चष्मा लावून. रोमीतली पानं मैत्रीण आणणार, देवनागरी मी, आणि मांयनी आत्तापासून सोलांची एक पुडी बांधून ठेवलीय, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून.